ताटातल्या विषाला मर्यादा, पाठीवरच्या विषाला नाही

८ एप्रिल २०२४ रोजी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, एक आदेश काढला. ज्या कीटकनाशकांची भारतात नोंदणीच झालेली नाही, त्यांचे अवशेष मसाल्यांत किती चालतील, याची सरसकट मर्यादा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमवरून ०.१ मिलिग्रॅम करण्यात आली. दशांश चिन्ह एक घर सरकले आणि मर्यादा दहापट झाली. सोप्या भाषेत सांगायचे तर आधी एक क्विंटल मिरचीत एक मिलिग्रॅम चालत होते, आता दहा किलो मिरचीत तेवढेच चालते.

त्याच महिन्यात हाँगकाँगने काही भारतीय मसाल्यांत इथिलीन ऑक्साईड सापडल्याचे जाहीर केले. मग वर्तमानपत्रांत निर्यातीची आणि देशाच्या प्रतिमेची चर्चा सुरू झाली. ५ मे २०२४ रोजी प्राधिकरणाने खुलासा केला की, आपले निकष जगातल्या अत्यंत कडक निकषांपैकी आहेत. परदेशी गिऱ्हाईक काय म्हणते, याची सगळ्यांना काळजी होती. पण दोंडाईचाच्या बाजारात मिरची वेचणाऱ्या, निवडणाऱ्या आणि तीच मिरची घरी वाटून खाणाऱ्या बाईला कोणी काही विचारले का?

हा प्रश्न भावनेचा नाही, कायद्याचा आहे. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम २००६, कलम १८. त्यात लिहिले आहे की, विनियम तयार करताना आणि बदलताना प्राधिकरणाने खुली व पारदर्शक सार्वजनिक सल्लामसलत करावी. ती थेट लोकांशी करावी किंवा प्रातिनिधिक संस्थांमार्फत करावी आणि या संस्थांत सर्व स्तरांवरच्या पंचायती येतात. तातडी असल्यास सल्लामसलत टाळण्याची पळवाटही त्याच कलमात आहे, हेही लक्षात ठेवा. आता आपापल्या ग्रामपंचायतीत जाऊन विचारा, कीटकनाशकाच्या अवशेषांची मर्यादा हा विषय कधी ग्रामसभेपुढे आला होता का? चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, शिंदखेडा, साक्री. कुठल्याही तालुक्यात विचारा.

मर्यादा कशी ठरते, याचा इतिहास आपल्या कार्यकर्त्यांना माहीत असला पाहिजे. कारण त्या इतिहासात आपण सगळीकडे आहोत आणि कुठेच नाही.

मर्यादा म्हणजे काय?

अनेकांना वाटते की, अमुक इतके विष पोटात गेले तर अपाय होत नाही, एवढे शास्त्रज्ञांनी शोधले आणि तीच मर्यादा झाली. तसे नाही. आधी प्राण्यांवर प्रयोग करून ज्या मात्रेला अपाय दिसला नाही ती मात्रा काढतात. तिला साधारणपणे शंभराने भागतात. हा झाला माणसाने आयुष्यभर रोज घेतला तरी चालेल असा मानलेला डोस. दुसरीकडे, लेबलवर सांगितल्याप्रमाणे फवारणी करून, फवारणी आणि काढणी यांत ठरलेले दिवस जाऊ दिल्यावर पिकात किती अवशेष उरतात, ते शेतातल्या चाचण्यांत मोजतात. मग माणूस ते पीक रोज किती खातो याचा अंदाज धरून दोन्हींचा मेळ घालतात.

यात तीन गृहीतके आहेत. फवारणी लेबलप्रमाणे झाली, काढणीपर्यंत पुरेसे दिवस गेले आणि खाणारा माणूस सरासरी आहे. आंतरराष्ट्रीय गणितात हा सरासरी माणूस बहुधा ६० किलो वजनाचा प्रौढ असतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून निंदणीला उतरणाऱ्या किती पावरा आणि भिल्ल बायांचे वजन ६० किलो भरते? आणि मसाला थोडाच खाल्ला जातो म्हणून त्यात जास्त अवशेष चालतात, असा युक्तिवाद जेव्हा होतो, तेव्हा तो कोणाच्या ताटाकडे बघून होतो? ज्याच्या ताटात दोन भाज्या, वरण आणि कोशिंबीर असते, त्याला मिरची चिमूटभर लागते. ज्याच्या ताटात कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा एवढेच असते, त्याचे कोरड्यासच मिरची आहे. सरासरी काढताना गरिबाचे ताट नाहीसे होते. समाजशास्त्र शिकलेल्या माणसाला हे नवे नाही. सरासरी नेहमी कोणाला तरी लपवते.

विज्ञानाला आमचा विरोध नाही. शंभराने भागण्यात शहाणपण आहे. आमचे म्हणणे एवढेच की, या गणितात जिथे जिथे माणूस गृहीत धरला जातो तिथे राजकारण सुरू होते आणि राजकारण आहे तिथे आपला प्रतिनिधी असला पाहिजे.

दोन कायदे, दोन मंत्रालये

अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ चा. अन्नातल्या अवशेषांची मर्यादा त्या कायद्याखाली आरोग्य मंत्रालय ठरवत असे. कीटकनाशकांचा कायदा त्यानंतर आला आणि तोही मृत्यूंनंतर आला. १९५८ साली केरळमध्ये शंभरहून अधिक माणसे अन्नातून विषबाधा होऊन दगावली. जहाजातून अन्नपदार्थ आणि पॅराथिऑन जवळजवळ ठेवून आणले होते. विष सांडून अन्नात मिसळले. पॅराथिऑन म्हणजे आपल्या खेड्यांत फॉलिडॉल या नावाने ओळखले जाणारे विष. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. पुढे १९६८ साली कीटकनाशक अधिनियम झाला आणि १९७१ साली त्याचे नियम आले.

या कायद्याखाली कीटकनाशकाची नोंदणी कृषी मंत्रालयाच्या अखत्यारीत आली आणि ताटातली मर्यादा आरोग्य मंत्रालयाकडेच राहिली. परिणाम असा झाला की, औषध बाजारात आले, शेतात गेले, भाजीवर पडले आणि ताटात पोहोचले, तरी त्याच्या अवशेषांची मर्यादा ठरलेलीच नाही, असे अनेक औषधांच्या बाबतीत वर्षानुवर्षे चालू राहिले. ‘औषध’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. आपल्या शेतात कोणी विष फवारत नाही. सगळे औषध मारतात. बुद्धाने उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले त्यांत विषाचा व्यापार आहे. नाव बदलले की व्यापार शुद्ध होत नाही.

हा घोळ संसदेपुढे आला तो २००३ साली आणि कशामुळे आला ते पाहण्यासारखे आहे. दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने शीतपेयांच्या बाटल्यांत कीटकनाशकांचे अवशेष असल्याचा अहवाल ऑगस्ट २००३ मध्ये जाहीर केला. देश हादरला. त्याच महिन्यात शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती नेमली गेली. संसदेच्या इतिहासातली ती चौथी संयुक्त समिती. आधीच्या तीन बोफोर्स आणि शेअर बाजारातल्या दोन घोटाळ्यांवर होत्या. फेब्रुवारी २००४ मध्ये समितीने अहवाल दिला आणि नोंदणी झालेल्या अनेक कीटकनाशकांना अवशेष मर्यादाच नसल्याचे त्यात नोंदवले. समितीने चांगले काम केले, यात वाद नाही. पुढे २००६ चा अन्न सुरक्षा कायदा आला, अन्नभेसळ कायदा गेला आणि ५ ऑगस्ट २०११ पासून नवी व्यवस्था लागू झाली.

द्राक्षांचेही तसेच. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातून युरोपला जाणारी द्राक्षे अवशेषांमुळे अडली, तेव्हा निर्यातीच्या बागांची नोंदणी, प्रयोगशाळेत तपासणी आणि प्रत्येक खेपेचा माग ठेवणारी ग्रेपनेट ही यंत्रणा उभी राहिली. म्हणजे करायचे ठरवले तर होते. युरोपच्या ताटातले द्राक्ष कोणत्या बागेतले, हे आपण सांगू शकतो. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण आठवडे बाजारात ढिगाने विकले जाणारे वांगे कोणत्या शेतातले आणि त्यावर शेवटची फवारणी कधी झाली, हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार?

पाठीवरचे विष

आता यवतमाळ. तो जिल्हा विदर्भातला, पण पीक आपलेच: कापूस. गुलाबी बोंडअळी तीच, पाठीवरचा पंप तोच, मजूरही तसाच. २०१७ च्या पावसाळ्याअखेरीस तिथे फवारणी करणारे शेतमजूर आणि लहान शेतकरी विषबाधेने रुग्णालयात येऊ लागले. एका जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे मेली, शेकडो आजारी पडली. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले आणि काही जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांवर तात्पुरती बंदी घातली. चर्चा मात्र बराच काळ मजुराने हातमोजे का घातले नाहीत, मास्क का लावला नाही, याभोवती फिरत राहिली.

बाटलीतल्या थेंबासाठी संयुक्त संसदीय समिती नेमली गेली. शेतातल्या मरणांसाठी नेमली गेली नाही. या एका तुलनेत आपल्या देशाची सामाजिक रचना दिसते. बाटली ज्याच्या हातात होती तो ग्राहक आहे, मतदार आहे, वाचक आहे. पंप ज्याच्या पाठीवर होता तो कोण होता?

२०११ च्या जनगणनेत देशात ११.८८ कोटी शेतकरी आणि १४.४३ कोटी शेतमजूर नोंदले गेले. शेतात राबणाऱ्यांत ज्याच्याकडे जमीन नाही तो बहुसंख्य आहे आणि या बहुसंख्येत आपला समाज आणि आदिवासी समाज किती आहे, हे सांगायला आकडेवारीची गरज नाही. खानदेशात आखाजीला सालदाराचे साल ठरते. पैसे ठरतात, धान्य ठरते, कामे ठरतात. औषध मारण्याचे काम ठरलेलेच असते, पण ते मारताना अंगावर काय घालायचे आणि ते कोणी द्यायचे, हा विषय निघत नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली भूमिहीनांचा जो सत्याग्रह झाला, त्यात मराठवाड्याबरोबर खानदेशही होता. ती जमीन मिळाली असती तर आज किती पाठींवर दुसऱ्याचा पंप नसता, याचा विचार करा.

आणि इथेच मर्यादेचा मूळ दोष आहे. अवशेष मर्यादा ताटातले विष मोजते. फवारणाऱ्याच्या कातडीवर, श्वासात, ओल्या शर्टावर किती पडते ते ती मोजतच नाही. सर्व मसाला, सर्व वांगी मर्यादेच्या आत असली, तरी ती पिकवताना एखादा मजूर मेलेला असू शकतो. कागदावर ते अन्न ‘सुरक्षित’ असते. युरोपात कीटकनाशकाला मंजुरी देतानाच फवारणाऱ्याच्या शरीरात किती जाईल, त्याची वेगळी मर्यादा तपासतात. आपल्याकडे १९७१ च्या नियमांत फवारणीच्या कामावर घेतलेल्या माणसाची वैद्यकीय तपासणी, संरक्षक कपडे, श्वसनाची साधने, प्रथमोपचार, प्रशिक्षण या सगळ्याची तरतूद आहे. पन्नास वर्षे उलटली. तुमच्या गावातल्या कोणत्या सालदाराची अशी तपासणी झाली, त्याचे नाव सांगा.

टाळेबंदीतल्या ‘हरकती व सूचना’

२०१३ साली डॉ. अनुपम वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राने ६६ कीटकनाशकांचे पुनरावलोकन करायला समिती नेमली. ही सगळी अशी औषधे होती, ज्यांच्यावर इतर एखाद्या तरी देशाने बंदी किंवा निर्बंध घातले होते. समितीच्या अहवालानंतर २०१८ साली १८ कीटकनाशकांवर बंदीचा आदेश निघाला. उरलेल्यांपैकी २७ कीटकनाशकांवर बंदी घालण्याच्या आदेशाचा मसुदा १८ मे २०२० रोजी प्रसिद्ध झाला. ॲसिफेट, क्लोरोपायरीफॉस, क्विनॉलफॉस, मोनोक्रोटोफॉस, मॅन्कोझेब, कार्बेन्डाझिम. आपल्या कृषी सेवा केंद्रांच्या फळ्यांवर असलेलीच ही नावे.

तारीख पुन्हा वाचा. १८ मे २०२० हा टाळेबंदीच्या चौथ्या टप्प्याचा पहिला दिवस. त्या दिवसांत धुळे आणि शिरपूरवरून जाणाऱ्या मुंबई-आग्रा महामार्गावर मजुरांचे तांडे पायी चालत होते. आणि दिल्लीत राजपत्र सांगत होते की, ज्या कोणाला हरकत असेल त्याने ४५ दिवसांत कळवावी. पुढे ही मुदत ९० दिवस करण्यात आली. राजपत्र हिंदी आणि इंग्रजीत. अहिराणी, पावरी, भिल्ली बोलणाऱ्याचे सोडाच, मराठी वाचणाऱ्यालाही त्याच्या भाषेत मसुदा नाही. उत्पादक कंपन्यांकडे वकील होते, तज्ज्ञ होते, वेळ होता. २७ पैकी अखेर २०२३ साली डायकोफॉल, डिनोकॅप आणि मिथोमिल यांवर बंदी आली आणि मोनोक्रोटोफॉसचे ३६ टक्क्यांचे द्रावण बंद करण्याचे ठरले. हेच मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५ पासून मनाई होती. तरी २०२४ च्या खुलाशात त्याची मिरचीतली मर्यादा किलोमागे ०.२ मिलिग्रॅम आणि तांदळातली ०.०३ अशी दिलेली आहे.

आम्ही असे म्हणत नाही की, २७ च्या २७ एका दिवसात बंद व्हायला हवी होती. लहान शेतकऱ्याला स्वस्त पर्याय लागतो, हे खरे आहे. बंदीने नुकसान झाले तर पहिला तोच बुडतो आणि त्याच्यामागे मजुराची मजुरी बुडते. पण हा सगळा विचार मोकळ्या सभेत, मजुराला समोर बसवून व्हायला हवा होता. तो झाला नाही, हा आमचा आक्षेप आहे.

साक्ष देण्याची आपली परंपरा

काही तरुण कार्यकर्ते म्हणतात, अत्याचार, आरक्षण, शिष्यवृत्ती एवढे प्रश्न असताना मिलिग्रॅमचे हिशोब आपण कशाला करायचे? ते खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचे काम. त्यांना आमचे उत्तर बाबासाहेबांच्या चरित्रातून आहे.

जानेवारी १९१९ मध्ये बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. मताधिकाराच्या अटी काय असाव्यात, हा त्या काळी ‘तज्ज्ञांचा’ विषय होता. १९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेने सायमन आयोगाला निवेदन दिले आणि बाबासाहेबांनी पुण्यात तोंडी साक्ष दिली. अनेकांनी आयोगावर बहिष्कार टाकला असताना त्यांनी साक्ष दिली. कारण स्पष्ट होते: जिथे आपल्याबद्दल निर्णय होतो, तिथल्या नोंदीत आपले म्हणणे लागले पाहिजे. पुढे नाकारले गेले तरी ते नोंदीत राहते आणि नोंद ही उद्याच्या लढ्याची जमीन असते.

दुसरे उदाहरण आपल्या खानदेशातले. मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करायला १९२८ साली स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य. समितीने प्रांतभर फिरायचे होते आणि त्यांच्या वाट्याला खानदेशचे दोन जिल्हे आले. १९२९ मध्ये ते बहिष्काराच्या एका प्रकरणाची चौकशी करायला धुळ्याकडे आले. परतताना चाळीसगावला आपल्या लोकांनी आग्रहाने उतरवून घेतले. स्टेशनवरचे टांगेवाले महाराला टांग्यात बसवून हाकायला तयार होईनात. मग वस्तीतल्याच एका न शिकलेल्या माणसाने टांगा हाकला, नदीवरच्या फरशीवर तो उलटला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला.

ही घटना आपण जातीच्या क्रौर्याची म्हणून सांगतो आणि ते बरोबरच आहे. पण तिच्यात आणखी एक गोष्ट आहे, जी आपण सांगत नाही. चौकशी समिती लोकांकडे आली होती. १९२९ साली, परकीय सरकारच्या काळात, समितीचा सदस्य पीडिताचे म्हणणे ऐकायला त्याच्या जिल्ह्यात येत होता. आज स्वतंत्र भारताचे प्राधिकरण म्हणते की, ई-मेल करा.

दरवर्षी ३१ जुलैला आपण हजारोंनी लळिंगच्या लांडोर बंगल्यावर भीमस्मृती यात्रेला जातो. १९३७ साली बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले, तेव्हा तिथे मुक्काम होता, त्याची ही आठवण. वकील म्हणून आले होते, हे विसरू नका. कागद वाचणारा, कलम शोधणारा, मुदतीत अर्ज टाकणारा माणूस. त्याच दिवसांत खरिपाची फवारणी सुरू असते. यात्रेत जमलेल्या प्रत्येक तालुक्याने त्या दिवशी फवारणी मजुरांचे एक निवेदन तयार केले, तर ती खरी स्मृती ठरेल.

काय मागायचे

एक: अवशेष मर्यादेचा किंवा कीटकनाशक बंदीचा प्रत्येक मसुदा मराठीत प्रसिद्ध व्हावा. ही मागणी अवाजवी नाही. पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या २०२० च्या मसुद्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने आठव्या अनुसूचीतल्या भाषांत भाषांतर करण्याचा आदेश दिला होता. केंद्राने त्याविरुद्ध अपील केले, यावरूनच त्याचे महत्त्व कळते.

दोन: कलम १८ मधला ‘पंचायती’ हा शब्द अमलात यावा. कापूस, केळी, मिरची पिकवणाऱ्या तालुक्यांत ग्रामसभेपुढे मसुदा वाचून दाखवावा आणि ठराव प्राधिकरणाकडे जावा.

तीन: नोंदणीच्या वेळी फवारणाऱ्याच्या शरीरासाठी वेगळी मर्यादा तपासावी आणि १९७१ च्या नियमांतली वैद्यकीय तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात, हंगामाआधी, मोफत व्हावी.

चार: आठवडे बाजारातल्या भाजीपाल्याचे नमुने तपासून निकाल तालुक्याच्या ठिकाणी मराठीत लावावेत.

यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहू नका. संविधानाचे कलम ३५० सांगते की, तक्रारीचे निवेदन केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, तिथे वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मराठीत लिहा. सालदाराला बोलू द्या, तुम्ही लिहून घ्या, खाली त्याची सही किंवा अंगठा घ्या, पोच ठेवा. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून विचारा की, गेल्या मसुद्यावर जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतून किती हरकती आल्या आणि त्यांपैकी शेतमजुरांच्या किती.

उत्तरात शून्य आले, तर तो आकडाही पुढच्या निवेदनात घाला.

जय भीम!